नाव पुण्याचं, खर्च घरचा: एमबीएसाठी दोन संस्थांतून एक निवडताना

सीईटीचा निकाल लागला की सोलापुरात घरोघरी एकच वाद रंगतो. मुलीला सोलापूर विद्यापीठाशी संलग्न संस्थेत एमबीए मिळतंय आणि पुण्यातही कुठेतरी नंबर लागेल असं दिसतंय. आई म्हणते, घरी राहून शीक. मामा पुण्यात असतो, तो फोनवर सांगतो, सोलापूरच्या एमबीएला इकडे कोण विचारतंय? वडील गप्प बसून हिशेब करत असतात.

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. समोर बसलेला बाप हमखास म्हणायचा, "लोकं म्हणायलेत साहेब, त्या कॉलेजचं नाव लई मोठंय." कुणाच्या दारात मोठंय, असं विचारलं की उत्तर नसायचं. फीचंही तसंच. माहितीपत्रकातला आकडा आणि घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा यांत कधी कधी निम्म्याहून जास्त फरक निघायचा. म्हणून हा लेख या दोन गोष्टींभोवती आहे: खरा खर्च किती, आणि ते नाव नेमकं कुठे चालतं.

आधी नोकरीचं गाव ठरवा

हे सगळ्यात शेवटी ठरवतात, पण ते पहिलं ठरायला हवं. घरचा टॉवेलचा किंवा गारमेंटचा कारखाना सांभाळायचा असेल, अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत, साखर कारखान्यात, सहकारी बँकेत काम करायचं असेल, तर पुण्याच्या नावासाठी पाच लाख जास्त मोजण्याआधी दहादा विचार करा. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या सोलापूरच्याच आहेत. पण इथे व्यवस्थापनातल्या जागा थोड्या, आणि त्या बऱ्याचदा ओळखीने, इंटर्नशिपमधून भरतात. अशा ठिकाणी इथल्याच संस्थेतल्या मास्तरांची शिफारस पुण्याच्या प्रमाणपत्राला भारी पडू शकते.

उलट मुलाला पुण्यात बँकिंग, आयटी कंपनीतलं एचआर, मार्केट रिसर्च असं काही करायचं असेल, तर कंपन्या कॅम्पसवर येतात का हाच प्रश्न मोठा. तिथे पुण्यात असण्याचा फायदा खरा आहे. तो किती रुपयांचा, ते पुढे मोजू.

संस्था कोणत्या प्रकारची, ते ओळखा

सरसकट सगळ्यांना 'कॉलेज' म्हटल्याने घोटाळा होतो. पहिला प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाचा: पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, म्हणजे १९७१ सालापासूनचं पुंबा, मुंबईत १९६५ साली सुरू झालेलं जमनालाल बजाज. अभिमत संस्थांच्या तुलनेत इथली फी कमी आणि नाव मात्र जुनं. महाग तेच नामांकित, ही समजूत खोडायला ही दोन उदाहरणं पुरेत. अडचण एवढीच की तिथले कट-ऑफ आभाळाला टेकलेले असतात.

दुसरा प्रकार संलग्न खासगी संस्थांचा. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. इथल्या संलग्न संस्थेत शिकलात तर पदवीवर या विद्यापीठाचं नाव येतं, पुण्यातल्या संलग्न संस्थेत शिकलात तर पुणे विद्यापीठाचं. इथे एक चकवा आहे. पदवीवर पुणे विद्यापीठ असलं म्हणून कंपनी तुम्हाला पुंबाचा विद्यार्थी समजत नाही. कंपनी संस्थेचं नाव वाचते, आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न एमबीए संस्थांमध्ये उत्तमपासून अगदी सुमारपर्यंत सगळं आहे. हिंजवडीपलीकडच्या माळावरची, निम्म्या जागा रिकाम्या असलेली संस्था केवळ 'पुण्याची' म्हणून सोलापूरच्या बऱ्या संस्थेपेक्षा वरचढ ठरत नाही.

तिसरा प्रकार अभिमत आणि खासगी विद्यापीठांचा. त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी असू शकते, जशी सिम्बायोसिसची स्नॅप. फी ते स्वतः ठरवतात. आणि पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नसते, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेने दिलेली पदविका असते. चांगल्या संस्थेची पीजीडीएम बाजारात उत्तम चालते, पण पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी करायची असेल तर ती एमबीएशी समकक्ष धरली जाते का, हे आधी विचारा.

खरी फी काढा

राज्यातल्या विनाअनुदानित खासगी व्यावसायिक संस्थांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यामागे २०१५ चा कायदा आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की त्या वर्षाची मंजूर फी दिसते, शिकवणी शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं. तो कागद छापून घ्या. मग संस्थेत जाऊन फीचा पूर्ण तक्ता मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. 'सॉफ्ट स्किल ट्रेनिंग', 'प्लेसमेंट शुल्क', 'इंडस्ट्रियल व्हिजिट', 'गणवेश व ब्लेझर' अशा नावांनी वर काय काय चढवलंय ते तिथे उघडं पडतं. काहींची बेरीज वर्षाला ३०-४० हजारांवर जाते. यातलं ऐच्छिक काय, हे लेखी विचारा. लेखी म्हटलं की बरंच काही ऐच्छिक होतं, हा माझा अनुभव.

पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

आता शिष्यवृत्त्या. सगळा खेळ इथेच पालटतो. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळते. इतर प्रवर्गांच्या योजना वेगवेगळ्या आहेत. आणि २०२४-२५ पासून इतर मागास वर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. अट महत्त्वाची: प्रवेश कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या, म्हणजे संस्थेने स्वतः भरलेल्या, जागेला हे लाभ नाहीत, आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठांत यातल्या बहुतेक शुल्क योजना लागूच होत नाहीत. एजंट हे सांगत नाही.

एक उदाहरण करून पाहू. आकडे धरून चाललेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. सोलापूरच्या संस्थेची वर्षाची फी ८० हजार, त्यात शिकवणी शुल्क ७० हजार. पुण्याच्या संस्थेची २ लाख २० हजार, त्यात शिकवणी शुल्क २ लाख. सोलापुरात राहणं घरी, पेट्रोल आणि किरकोळ धरून महिन्याला अडीच हजार. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस, पीएमपीचा पास, मोबाईल, कधीमधी आजारपण मिळून १३ हजार. महिने दोन्हीकडे २२. पुण्यासाठी गावी येणंजाणं आणि मुलाखतीचे कपडे मिळून आणखी २५ हजार.

शिष्यवृत्ती नसेल तर सोलापूर २ लाख १५ हजारांत होतं, पुणे साधारण साडेसात लाखांत. फरक ५ लाख ३५ हजार.

निम्मं शिकवणी शुल्क माफ झालं तर सोलापूर १ लाख ४५ हजार, पुणे साडेपाच लाख. फरक ४ लाख ५ हजार.

मुलगी आहे आणि पूर्ण शिकवणी शुल्क माफ झालं तर सोलापूर ७५ हजार, पुणे साडेतीन लाख. फरक २ लाख ७५ हजार.

म्हणजे त्याच दोन संस्था, पण एका घरासाठी फरक साडेपाच लाखांच्या आसपास आणि दुसऱ्या घरासाठी त्याच्या निम्मा. शेजारच्या पोराने काय केलं ते विचारून म्हणूनच उपयोग नसतो. शेवटच्या उदाहरणात उरलेला फरक जवळपास सगळा राहण्याजेवणाचा आहे. आत्याच्या घरी हडपसरला सोय होत असेल तर तोही बराच आटतो (आत्याला विचारून घ्या, गृहीत धरू नका). अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिची चौकशी महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर करा.

आणखी एक. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. काही संस्था आधी पूर्ण फी भरा, पैसे आले की परत देऊ, असं म्हणतात. प्रवेशाच्या दिवशी रोख किती लागणार, हे आधी फोनवर विचारून ठेवा.

नाव मोजायचं कसं

वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातींवरच्या 'महाराष्ट्रात अव्वल' वगैरे पट्ट्या सोडून द्या. तीन ठिकाणी बघा.

पहिलं, कट-ऑफ. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची यादी असते. आपल्या प्रवर्गाच्या रकान्यात, शेवटच्या फेरीत दोन्ही संस्था कितीवर बंद झाल्या ते पाहा. कट-ऑफ म्हणजे नावाचा बाजारभाव, आणि तो हजारो मुलांनी आपापली पसंती देऊन ठरवलेला असतो. एक संस्था ९० पर्सेंटाइलला बंद होते आणि दुसरी ४० ला, तर वर्गात तुमच्या शेजारी कोण बसणार हे कळतं. एमबीएत निम्मं शिक्षण शेजारच्या बाकावरून मिळतं. दोन्ही ४० च्या आसपास असतील, तर पुण्याच्या नावाला जादा पैसे मोजण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

दुसरं, एनआयआरएफ. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून येते. व्यवस्थापन गटात पाच निकष आहेत, त्यात लोकांच्या मनातल्या प्रतिमेला फक्त १० टक्के वजन. पण खरी कामाची चीज क्रमांक नव्हे. भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा आणि एका ओळीवर बोट ठेवून आडवे वाचत जा: प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, मध्यक वेतन. समजा १२० जागा, प्रवेश ७०, उत्तीर्ण ६२, नोकरी २८. जाहिरातीत याच संस्थेने 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य' लिहिलेलं असू शकतं, आणि ते खोटंही नसतं, कारण साहाय्य सगळ्यांनाच केलेलं असतं.

मध्यक वेतन म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगारानुसार ओळीत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याचा पगार. सरासरी नको, मध्यकच हवा. एकाला २० लाख मिळाले आणि बाकीच्यांना ३, तरी सरासरी छान दिसते.

संस्था एनआयआरएफमध्ये नसेल तर तिसरं ठिकाण: नॅकची श्रेणी आणि एनबीएची मान्यता. नॅक सगळ्या संस्थेचं मूल्यांकन करतं, एनबीए त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचं. एमबीएला एनबीए आहे का, आणि त्याची मुदत चालू आहे का, ते बघा. संपलेली मान्यता फलकावर तशीच राहते.

माजी विद्यार्थ्यांना गाठा

लिंक्डइनवर संस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी मिळते. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले दहा-पंधरा जण निवडा, आज कुठे आहेत ते बघा. नुकते लागलेले नकोत, कारण पहिली नोकरी टिकली का हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यातल्या चार-पाच जणांना नम्रपणे मेसेज टाका. सोलापूरकर असल्याचं सांगितलंत तर दोघं तरी उत्तर देतातच.

विचारायचं असं: नोकरी कॅम्पसवर लागली की स्वतः शोधली? हुद्दा मॅनेजमेंट ट्रेनीचा होता आणि काम कर्जाचे अर्ज भरून घेत दारोदार फिरण्याचं, असं झालं का? सांगितलेल्या पॅकेजमधले हातात किती पडले? साडेचार लाखांच्या पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्साही धरलेला असतो. हातात महिन्याला ३२-३३ हजार आले तरी नशीब म्हणायचं.

आता आधी काढलेला खर्चाचा फरक दोन्ही संस्थांच्या मध्यक वेतनांतल्या फरकाने भागा. खर्चाचा फरक ४ लाख आणि वर्षाच्या पगाराचा फरक २ लाख, तर दोन वर्षांत पैसे वसूल. पगाराचा फरक ८० हजारच असेल तर पाच वर्षं. माझी रेघ तीन वर्षांवर आहे. तीनच्या आत वसूल होत असेल तर पोराला बिनधास्त पुण्याला पाठवा, पाचच्या पुढे जात असेल तर सोलापूर बरं. मधल्या पट्ट्यात मुलाचा स्वभाव बघा: बाहेर पडून धडपडणारा आहे, की घरच्या डब्याशिवाय अभ्यास न होणारा.

एक दिवस काढून जाऊन या

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन रात्री त्याच गाडीने परत येता येतं, तेवढ्यात पुण्यातली संस्था पाहून होते. प्रवेश कक्षातल्या सोफ्यावर जास्त वेळ बसू नका. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाबाहेर उभे राहा, तास होतात का बघा. सूचनाफलकावर कॅम्पस मुलाखतींच्या नोटिसा असतात, त्यांच्या तारखा वाचा. मुलांसोबत चहा घ्या आणि सर किती दिवस टिकतात ते विचारा. मास्तर दर सहामाहीला बदलत असतील तर बाकी सगळं झगमगाट आहे. सोलापूरची संस्थाही याच नजरेने पाहा, गावातली म्हणून सूट देऊ नका.

कर्ज घ्यायचं असेल तर

सर्वसाधारण नियम असे: ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, पण पालक सहकर्जदार लागतात. त्यापुढे तारण. सोलापुरात नेमकं इथेच घोडं अडतं. गुंठेवारीच्या जागेवरचं घर असलं की बँक तारण घ्यायला कां कू करते. त्यामुळे कर्ज साडेसात लाखांच्या आत बसवता आलं तर बघा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना एनआयआरएफवर आधारित यादीतल्या संस्थांसाठी आहे. तिच्यात तारणही नाही, जामीनदारही नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. तुमची संस्था त्या यादीत असेल, तर 'नावा'चा हा रोख फायदा हिशेबात धरा.

हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. लोक इथेच गाफील राहतात. १० टक्के व्याजाने ५ लाख घेतले, निम्मे पहिल्या वर्षी आणि निम्मे दुसऱ्या वर्षी, तर हप्ता सुरू होताना ते सव्वासहा लाख झालेले असतात. सात वर्षांच्या फेडीला दर लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे १,६६० रुपये. म्हणजे साधारण १० हजार ४०० दरमहा. हातात ३२ हजार येणारा मुलगा पुण्यात राहण्याजेवण्याला १५ हजार घालतो, १० हजार ४०० बँकेला देतो, उरतात साडेसहा हजार. सलग सात वर्षं. शिकत असल्यापासून हप्ता सुरू होईपर्यंत महिन्याचं व्याज भरत गेलात, तर हप्ता ८ हजार ३०० वर येतो. पूर्ण ५ लाखांवर हे व्याज महिन्याला चार-सव्वाचार हजार होतं. ज्या घराला हे झेपतं त्यांनी पहिल्या महिन्यापासून भरावं.

ऑप्शन फॉर्म आणि कागद

कॅपमध्ये पर्यायांचा क्रम कट-ऑफ बघून लावू नका, आपल्या खऱ्या पसंतीने लावा. वरची न मिळणारी संस्था आधी टाकल्याने खालची हातची जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची संस्था मिळाली की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून जिथे मनापासून जायचं नाही ती संस्था पहिल्या क्रमांकावर 'सेफ्टी' म्हणून टाकण्याचा सल्ला सायबर कॅफेवाल्याने दिला तरी ऐकू नका. ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून फी परत मिळते, आणि मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवण्याचा संस्थेला अधिकार नाही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, जात पडताळणी ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता, उन्हाळ्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते, आणि एका दाखल्यापायी राखीव जागा हातची जाऊन खुल्या जागेची फी भरायची वेळ येते. बँक पासबुक आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर महाडीबीटीचे पैसे अडकतात. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज आपोआप पुढे सरकत नाही, तो नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो. त्याची तारीख प्रवेशाच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.